कुलपापुढची पणती

पुण्यामुंबईची माणसे बीडला बदली झाली की आधी तोंड वाकडे करतात. मग बिंदुसरेच्या काठी बिऱ्हाड लागते, आणि चार महिन्यांत तीच माणसे पाहुण्यांना कंकालेश्वराचे देऊळ कौतुकाने दाखवू लागतात. देऊळ आहेच तसे, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले! निजामशाहीतली खजाना विहीरही दाखवण्याजोगी.

नवख्याला कोड्यात टाकते ती इथली दिवाळी. शहरात बाजार फुलतो, फराळाची ताटे शेजारीपाजारी जातात. पण दोन कोसांवरच्या खेड्यात जावे तर कितीतरी दारांना कुलपे. दसरा सरला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, थेट कर्नाटकातही. नवराबायकोच्या जोडीला इकडे ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचे नाव माणसांना! कारखान्याचे धुराडे काही पंचांग पाहून पेटत नाही. ते आधी पेटले तर लक्ष्मीपूजन फडाजवळच्या कोपीत. परतायचे ते शिमग्याच्या सुमारास.

मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. पोरांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली आहेत, हे चांगलेच. पण नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल लावायला आई हवी, ती कुठून आणणार?

पाडव्याच्या संध्याकाळी अशाच एका खेड्यात गेले होते. एक आजी आपल्या उंबऱ्यावर पणती ठेवून शेजारच्या कुलपापुढेही दुसरी लावीत होत्या. मी नुसते पाहत राहिले. त्या म्हणाल्या, ‘‘किल्ली माझ्यापाशी हाये बाई. मग दिवा कुनी लावायचा?’’