पेरूजाची वही
भाग ७ : मोंतोनेचं सूर्यघड्याळ

शुक्रवार, २० जून

आमच्या विद्यापीठासमोरच्या चौकाचं नाव पियात्सा फोर्तेब्राच्चो. चार महिने मी तो रोज ओलांडते आहे, पण हा फोर्तेब्राच्चो कोण ते आज कळलं. ब्राच्चो फोर्तेब्राच्चो हा भाडोत्री सैन्याचा सेनापती होता. १४१६ मध्ये त्याने पेरूजा जिंकलं. त्याचं घराणं मोंतोनेचं, आणि उद्या आमचा वर्ग तिथेच निघाला आहे.

पेरूजाच्या दृष्टीने आजची तारीख दोनदा महत्त्वाची. १८५९ मध्ये याच दिवशी पोपच्या सैन्याने बंड केलेल्या शहरात शिरून कत्तल केली. १९४४ मध्ये याच दिवशी दोस्तांचं सैन्य इथे आलं आणि जर्मन फौजा तिबेर नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडे हटल्या. त्यांचा पाठलाग करणाऱ्यांत दहावी भारतीय डिव्हिजन होती.

आमच्या इटालियनच्या बाईंनी सहलीचा कागद वाचून दाखवला. त्यात एक नाव आलं : "येश्वांत गाद्जे." मी हात वर केला. मागच्या एका भागात लिहिलं होतं, की या बाई माझ्या जोडाक्षरांच्या मागे लागल्या आहेत. 'पाला' म्हणजे फावडं, 'पाल्ला' म्हणजे चेंडू. 'ल'वर जोर पडला नाही तर अर्थ बदलतो. पण इटालियन वाचणाऱ्याच्या तोंडी 'घ'चा 'ग' होणार आणि 'डगे'चं 'द्जे', यात त्यांची काय चूक? मी म्हणाले, "घाडगे. यशवंत घाडगे." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "उद्या तिथे तूच सांग."

शनिवार, २१ जून

सकाळी आठला बस सुटली. आम्ही चौदा जण : जपान, घाना, ब्राझील, जर्मनी, आणि मी पुण्याची. डावी-उजवीकडे तिबेर दिसत होती. रोमला पोचल्यावर जिच्यावर एवढे पूल आहेत, ती इथे आमच्या सावित्री नदीपेक्षा फार मोठी वाटत नाही. काठाने सूर्यफुलांची शेतं आणि तंबाखू.

मोंतोने पेरूजापासून चाळीसेक किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर. तटबंदी, दगडी बोळ, खिडक्यांत जिरेनियम. वर चढून आल्यावर सगळं खोरं पायाशी येतं, आणि हे खोरं हातात असणं लष्कराला का हवं होतं ते नकाशाशिवाय समजतं.

यशवंत घाडगे यांचं स्मारक म्हणजे चालतं सूर्यघड्याळ आहे. मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी २०२३ मध्ये ते उभारलं. त्याचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे : 'ओम्नेस सुब एओदेम सोले', सगळे एकाच सूर्याखाली.

मी सांगायला लागले. माणगाव तालुक्यातला मुलगा. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, हुद्दा नाईक. १० जुलै १९४४ ला याच खोऱ्याच्या चढणीवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी झाले. उरले एकटे तेच. धावत जाऊन त्यांनी हातबाँब टाकला, मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपले. आणखी एकाला गोळी घातली. काडतुसांची पेटी बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घातली. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने घेतलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांची कुठलीही ज्ञात कबर नाही. नाव कासीनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

आजोळी जाताना माणगावात त्यांचा पुतळा लहानपणापासून पाहत आले. एस.टी. तिथून पुढे गेली की आजी पिशव्या गोळा करायला लागायची. इटली हे ठिकाण त्या पुतळ्याला जोडलेलं आहे हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. इथे उभी राहून मला त्या दिवसाची माणगावाकडची बाजू दिसू लागली. जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे भातलावणी. घरच्या माणसांचे पाय चिखलात, पाठीवर इरली, आणि घरातला कर्ता मुलगा या कोरड्या, तापलेल्या टेकडीवर.

इटलीतल्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले, ५,७८२ परत गेले नाहीत. या मोहिमेतल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना मिळाले. त्यातले दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे : घाडगे, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर पराक्रम करून जिवंत परतलेले नामदेव जाधव. घानाची मैत्रीण हळूच म्हणाली, "आमच्याकडचे ब्रह्मदेशात लढले." आफ्रिकेतली माणसं आशियात, आशियातली युरोपात, आणि दोघांच्याही देशांवर तेव्हा राज्य परक्यांचं. हे शौर्याच्या बरोबरीने सांगायलाच हवं.

मग उच्चार. 'घ' म्हणताना तळहात तोंडासमोर धरायचा, हवा लागली पाहिजे. 'ड'ला जीभ मागे वळवायची. चौदा तळहात वर गेले, बाईंचाही. जर्मन मुलाने सगळ्यांत जास्त वेळा म्हणून पाहिलं. नंतर त्याने विचारलं, "त्या मशिनगनवरच्या चौघांची नावं कुठे आहेत?" बाईंनी फुता खिंडीतल्या जर्मन दफनभूमीबद्दल सांगितलं, तिथे तीस हजारांहून जास्त सैनिक आहेत. हे चौघे त्यांत आहेत का, हे तिथे कुणालाच सांगता येत नव्हतं. तो बराच वेळ खोऱ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

दुपारी सानसेपोल्क्रो, तोस्कानाच्या हद्दीत. पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं 'पुनरुत्थान' तिथल्या संग्रहालयात भिंतीवरच आहे. १९४४ मध्ये अँथनी क्लार्क या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोफा याच गावावर लागल्या होत्या. मारा सुरू झाल्यावर त्याला आल्डस हक्सलेचा निबंध आठवला, ज्यात या चित्राला जगातलं सर्वोत्तम म्हटलं होतं. त्याने मारा थांबवला. चित्र वाचलं, गावही वाचलं.

चित्रात थडग्यातून उठणारा ख्रिस्त आहे. सगळे त्याच्याकडे बघत होते. माझी नजर खाली होती. थडग्याला टेकून चार सैनिक गाढ झोपलेत, एकाची मान तर पार मागे कलंडली आहे. दमलेली, तरुण माणसं. सकाळच्या गोष्टीनंतर मला त्यांच्यावरून नजर काढता येईना.

रविवार, २२ जून

मोंतोनेतून निघताना मी एक ध्वनिमुद्रण केलं होतं : आमच्यातला एकेक जण 'यशवंत घाडगे' म्हणतो. आज ते मामाला पाठवलं आणि फोन लावला. तो माणगावजवळच्या शाळेत शिकवतो. पलीकडे पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की त्याला ओरडून बोलावं लागत होतं. आर्द्रा लागल्या, चार दिवस सूर्य दिसला नाही, रोपं तरारलीत म्हणाला.

मी ब्रीद सांगितलं. एकाच सूर्याखाली. तो म्हणाला, "असेल, ढगाच्या वर आहेच तो."

मग त्याने ध्वनिमुद्रण ऐकलं. एकदा, पुन्हा एकदा. आजीला बोलावून तिसऱ्यांदा. पावसाच्या आवाजातून मला माझ्याच वर्गाचे आवाज परत ऐकू येत होते. "तो एक मुलगा आहे ना, सगळ्यांत शेवटी," मामा म्हणाला, "फार जपून घेतलंय त्याने नाव. कुठला तो?"

"जर्मनीचा," मी म्हणाले.

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उद्या शाळेत पोरांना ऐकवतो. त्याचा आवाज पहिला लावतो."