त्रिपोलीची शर्यत आणि तिचे रावी

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास हा आपल्या मोहल्ल्यात कुणाच्या जिभेवर असणारा विषय नाही. त्यामुळे उर्दू माध्यमाच्या शाळेतला एक मास्तर जुन्या शर्यतींची टिपणे काढत बसतो, याचे लोकांना नवल वाटते. "सर, तुम्हाला गाडी तरी चालवता येते का?" हा प्रश्न ठरलेला. पण शर्यतींचे वेड असलेला आमचा एक छोटा कंपू आहे. दोन मेकॅनिक, एक निवृत्त एस.टी. ड्रायव्हर, एक विमा एजंट, काही कॉलेजची मुले. रविवारी गॅरेजच्या ओट्यावर चहा घेत आम्ही बोलतो. त्यांना इंजिनातले कळते, मला तारखांतले. वाद झाला की माझ्याकडे बोट दाखवतात, "हिस्ट्रीवाल्या सरांना विचारा."

हे काम वरून दिसते तितके बिनधोक नाही. शौकीन माणसाला गोष्ट प्रिय असते आणि इतिहासकाराला ती तपासावी लागते. हे मला सर्वांत जास्त शिकवले ते त्रिपोलीच्या शर्यतीने.

लिबिया तेव्हा इटलीच्या ताब्यात होता. त्रिपोली शहराजवळ मल्लाहा नावाच्या जागी खाऱ्या तळ्याभोवती तेरा किलोमीटरहून थोडा लांब रस्ता बांधून 7 मे 1933 रोजी मोठी शर्यत झाली. तीस फेऱ्या होत्या. शर्यतीला लॉटरी जोडलेली होती. बारा लिरांचे तिकीट, सोडतीत निघालेल्या एकेका तिकिटाला एकेक चालक, आणि ज्याचा चालक जिंकेल त्याला लाखो लिरा. बुगाटी गाडी घेऊन उतरलेला आकिले वार्झी जिंकला आणि तात्सिओ नुवोलारी त्याच्या अगदी पाठोपाठ दुसरा आला.

पुढे आल्फ्रेड नॉयबाउअर या मर्सिडीझ संघाच्या नामांकित व्यवस्थापकाने 1958 साली आलेल्या आपल्या आठवणींत ही शर्यत रंगवून सांगितली. सगळे आधीच ठरले होते, कोणी मुद्दाम मागे राहिला, कोणाचे पेट्रोल ऐन शेवटी संपले, अशी ती कहाणी. वार्झी, नुवोलारी आणि बोर्झाकिनी हे तिघे त्यात लबाड ठरतात. ती इतकी चटकदार आहे की पुस्तकामागून पुस्तकात उतरत गेली. आमच्या ओट्यावरही ती मोठ्या चवीने सांगितली जाई.

अशा वेळी मला आपल्या मुहद्दिसांची आठवण होते. हदीसचे स्थान वेगळे. गाड्यांच्या गोष्टीशी तिची बरोबरी कोण करील? पण बातमी पारखण्याची जी रीत त्या बुजुर्गांनी घालून दिली, ती कोणत्याही बातमीला लागू पडते. रावी कोण? तो तिथे होता का? त्याने कुणाकडून ऐकले? त्याच्या बाकीच्या रिवायती कशा आहेत?

नॉयबाउअरला हे प्रश्न विचारले की कहाणी डळमळते. मर्सिडीझचा संघ त्या शर्यतीत नव्हताच. त्याच नॉयबाउअरने सांगितलेली दुसरी प्रसिद्ध गोष्ट अशी, की 1934 साली वजन 750 किलोच्या आत बसावे म्हणून रातोरात गाड्यांचा पांढरा रंग खरवडला आणि आतली चंदेरी धातू उघडी पडली. त्या गोष्टीवरही अभ्यासकांनी मोठी शंका घेतली आहे. त्रिपोलीबद्दल त्या काळच्या वृत्तांतांत वेगळेच चित्र आहे. वार्झी आणि नुवोलारी शेवटच्या रेषेपर्यंत झुंजले आणि अंतर सेकंदाच्या अंशाइतके राहिले. तिकीटधारक आणि चालक यांच्यात बक्षीस वाटून घेण्याचा करार मात्र झाला होता. लॉटरीची कल्पना पुढे आणणारा पत्रकार जोव्हानी कानेस्त्रिनी याने स्वतःच पुढे तसे सांगितले. म्हणजे व्यवहार होता, पण नॉयबाउअरने रंगवलेला तमाशा नव्हता.

मला जास्त लागून राहिली ती आणखी एक गोष्ट. बोर्झाकिनी त्याच वर्षी सप्टेंबरात मोंझाच्या शर्यतीत मेला. वार्झी 1948 साली गेला, नुवोलारी 1953 साली. पुस्तक आले 1958 मध्ये. ज्यांच्यावर तोहमत, त्यांतला एकही उत्तर द्यायला उरला नव्हता. मेलेल्या माणसाची बाजू मांडायला कुणीतरी हवे. इतिहासकाराचे हे पहिले काम असे मला वाटते.

मी हे सांगितले तेव्हा विमा एजंट म्हणाला, "सर, तुम्ही गोष्टीची मजाच घालवलीत." ते मी हसून घेतले. खरी अडचण पुढे आली.

मल्लाहा हा शब्द अरबी. अर्थ मिठागर. उर्दूतला 'मलाहत' त्याच कुळातला. तो शब्द माझ्या मनात घोळत राहिला आणि मी विचारले, ही जमीन कुणाची होती? ज्या वर्षी त्रिपोलीत शर्यतीचा रस्ता तयार झाला, त्याच्या तीनच वर्षे आधी, 1930 साली, गव्हर्नर बादोल्योने पूर्वेकडच्या बरका भागातले सुमारे एक लाख लोक गुराढोरांसह हुसकून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडायचा हुकूम दिला होता. हजारोंच्या संख्येने माणसे तिथे मेली. कुरआन शिकवणारे वृद्ध मुअल्लिम उमर मुख्तार यांना 16 सप्टेंबर 1931 रोजी सलूकच्या छावणीत, कोंडलेल्या लोकांसमोर फाशी दिले गेले. शर्यतीच्या दिवशी गव्हर्नर तोच बादोल्यो होता. शर्यतींच्या पुस्तकांत या गोष्टीला बहुधा एक ओळही मिळत नाही.

मी ओट्यावर हे मांडले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एकजण म्हणाला, "शेवटी सर तुम्ही तुमच्या लोकांवर आलातच." वर्षानुवर्षे एकत्र चहा घेणाऱ्या माणसाचे ते वाक्य होते. मी एवढेच म्हणालो, "वार्झी आणि नुवोलारीची बाजू मी मांडली तेव्हा ते माझे लोक होते का?" एस.टी.वाले काका मान हलवत म्हणाले, "रस्ता कुणाच्या वावरातून गेला, हे विचारायलाच पाहिजे."

गोष्ट इथे संपली असती तर मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पण मोहल्ल्यातल्या एका जलशात, माझ्याकडूनच हे ऐकलेल्या एका तरुणाने भाषणात सांगितले की उमर मुख्तारना शर्यतीच्या मैदानातच, गाड्या धावण्याआधी फाशी दिले. लोक हेलावले. जलसा संपल्यावर मी त्याला बाजूला घेऊन म्हटले, "बेटा, सलूक बेनगाझीजवळ आहे. त्रिपोलीपासून शेकडो किलोमीटर. आणि दोन्हींत दीड वर्षाहून जास्त अंतर आहे." तो नाराज झाला. "सर, मी आपल्याच बाजूचे बोलत होतो ना?"

आपल्या बाजूचे. नॉयबाउअरलाही गोष्ट रंगवताना बहुधा श्रोत्यांची दाद हवी होती. त्या मुलाची नियत साफ होती, हे मी मानतो. पण छावण्यांत मेलेल्यांचे दुःख खरे आहे. त्याला खोट्या टेकूची गरज नाही. उद्या कुणी ती एक तारीख खोटी ठरवली, तर तिच्याबरोबर ती हजारो माणसेही खोटी ठरवायला लोक टपलेलेच असतात.

म्हणून मी दोन्हीकडे थोडा नावडता आहे. ओट्यावर मी मजा घालवणारा, मोहल्ल्यात जोश घालवणारा. तराजू मात्र दोन्हीकडे एकच ठेवायचा. दुसऱ्याच्या लाडक्या गोष्टीची सनद मागायची, तर आपल्या लाडक्या गोष्टीचीही मागितली पाहिजे. त्या मुलाला आता मी ओट्यावर नेतो. तो मेकॅनिककडून कार्ब्युरेटर समजून घेतो आणि मला प्रत्येक गोष्टीला विचारतो, "सर, हे कुणी सांगितले?"