शाकाहारी मासा

मांसाहारी प्राण्यास शाकाहारी करणें हें पुण्यकर्म होय, असा समज आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यालगत समुद्रांतील जाळ्यांत पाळलेल्या सॅमन माशाची हकीकत वाचल्यापासून मात्र आम्हीं या विषयावर बोलणें कमी केलें आहे.

१९९० च्या सुमारास या माशाच्या खाद्यांत सुमारें ९० टक्के भाग मासळीच्या पिठाचा व तेलाचा असे. तें महाग होत गेलें, आणि २०१३ पर्यंत हा भाग ३० टक्क्यांच्या आसपास आला. उरलेली जागा सोयाबीन वगैरे वनस्पतींनीं घेतली. परंतु सोयाबीनची साधी पेंड सॅमनला मानवेना. आंतड्याच्या शेवटच्या भागास दाह होई, आंतल्या घड्या आखूड होत, आणि तेथील जंतूंची वस्तीहि पालटे. जंतू पालटले म्हणून दाह झाला, कीं दाहामुळें जंतू पालटले? भाडेकरूंनीं घर बिघडविलें, कीं घर बिघडलें म्हणून भाडेकरू बदलले, हा वाद कोर्टांतहि लवकर सुटत नाहीं! मुख्य संशय सॅपोनिन या द्रव्यावर आहे. आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच वर्गांतील द्रव्यांनीं. मद्यार्कानें धुऊन तें काढलें, कीं तेंच सोयाबीन माशास बरेंचसें सोसतें.

माणूस म्हणजे सॅमन नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि कोंकणांतील एक विद्यार्थी पूर्वी वर्षभर आमच्या घरीं राहिला होता. त्याची मासळी बंद केल्याचें आम्हांस मोठें समाधान वाटे. त्याचें पोट सदा बिघडलेलें असे, आणि आम्ही त्याला ओवा देत असूं.