सोंग घ्यावं, पण शिकून

शहरी वळणाची पोरं धोतर-पटका गुंडाळून खेड्यातल्या माणसाची नक्कल करायला लागली, की आपल्या कपाळाला आठी पडतेच. 'आमचीच टिंगल का?' असं वाटतं. बायांनो, मलाही तसंच वाटलं होतं. आणि नक्कल करणारा माझ्याच पोटचा होता!

आमचा धाकटा सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत कामाला. लग्नसराईत आर्केस्ट्रात गिटार वाजवतो. एका हिवाळ्यात त्यानं आणि तिघा मित्रांनी गिटार-ड्रम बाजूला ठेवले आणि जत्रांसाठी विनोदी सोंगी भारुडाची पार्टी काढली. तालीम आमच्याच वस्तीवर. पहिलंच सोंग एका बावळट शेतकऱ्याचं. त्याला बँकेतलं यंत्र कळेना, मोबाईल उलटा धरी. पोरं आपापल्यात खो खो हसत होती.

मामंजी बाजेवर पडून ऐकत होते. तरुणपणी त्यांनी भारुडं गाजवलेली. ते उठून बसले आणि एवढंच म्हणाले, "बाळांनो, हसवताय कुणाला, आन् हसताय कुणावर?"

पोरं गप्प झाली. मग मामंजींनी सांगितलं, "नाथमहाराज एवढे पंडित. पण भारुडात ते जोशी झाले, वासुदेव झाले, गोंधळी झाले. त्यांनी त्या माणसाला हिणवलं न्हाई, त्याच्या तोंडून शहाणपण वदवलं."

महिनाभर त्यांनी पोरांना ढोलकीपुढं बसवलं. ड्रमवर सरावलेल्या हाताला ढोलकी लवकर वश होत नाही, बोटं सुजली. सोंगही बदललं. आता बावळट होता तो कंपनीतला कामगार, म्हणजे ते स्वतःच! रात्रपाळीला निघालेला नवरा, आणि 'मोटारीची लाईट रात्रीचीच हाय, पाणी कोण धरणार?' म्हणून दारात आडवी उभी राहिलेली बायको. जत्रेत माणसं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, कारण ते घरोघरचंच होतं.

आपल्या मुलखाला ही रीत नवी नाही. 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिणारे वसंत सबनीस मूळ सोलापूरचे, १९२३ सालचा जन्म. १९६५ साली ते रंगमंचावर आलं. त्यात हवालदार रंगवणारे दादा कोंडके मुंबईच्या गिरणगावात वाढलेले, बँडमधून आणि सेवा दलाच्या कलापथकातून पुढं आलेले. पण वगाचा बाज त्यांनी मनापासून उचलला, आणि थट्टा केली ती राजदरबाराची, खुर्चीची. गरिबाची नव्हे. म्हणून खेड्यानं त्यांना आपलं मानलं.

धाकट्यानं अमेरिकेतलीही एक गोष्ट सांगितली. तिकडे 'वीन' नावाची रॉक गाणारी जोडी होती. १९९६ साली त्यांनी तिकडच्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांची एक थट्टेखोर तबकडी काढली. नाव दिलं 'बारा सोनेरी गाणी' अशा अर्थाचं, आणि आत गाणी दहाच! पण साथीला बसवले ते नॅशव्हिल गावातले, त्या संगीतात केस पांढरे झालेले वादक. शब्द चेष्टेचे असले तरी वाजवणं अस्सल. पुढं ती जोडी आपल्या रॉककडे परत गेली.

आमच्या पोरांची पार्टीही एकच हंगाम टिकली. पाच जत्रा झाल्या. मग एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रात्रपाळी, आणि तिसरा नोकरीसाठी पुण्याला गेला. धाकटा पुन्हा गिटारीकडे वळला. मला वाटलं, महिनाभराची मेहनत वाया गेली.

गेल्या वर्षी मामंजी वारले. त्यांच्या बरोबरीचे भारूडकरी आता गावात कुणी उरले नाहीत. पण एकादशीला देवळात भजनी मंडळ बसतं, तेव्हा पाळी नसली तर धाकटा खुंटीवरची ढोलकी काढतो. तिची चामडी कशी ताणायची, कुठली थाप कुठं उघडी ठेवायची, हे त्याला ठाऊक आहे. तुमच्या घरीही असा कुणी म्हातारा बाजेवर असेल, तर पोरांना या हिवाळ्यातच त्याच्यापुढं बसवा.