तिरप्या उन्हातली भिंत

घर पायापासून वर चढतं आणि बाहेरचा गिलावा गच्चीच्या कठड्यापासून खाली उतरत येतो. बांबूच्या परांचीवर गल्लीकडे पाठ करून गवंडी उभा असतो, खाली चाळणीवर वाळू सळसळत असते, घमेली हातोहात वर जातात आणि थापीवरून सुटलेला माल भिंतीवर आदळल्याचा तो ओला, भरीव आवाज दुपारच्या डुलकीतही कानाशी येत राहतो. पहिला थर खडबडीतच ठेवतात. तो ओला असतानाच त्यावर नागमोडी रेघा ओढतात, कारण पुढच्या थराला धरून राहायला जागा हवी. किती सहज आणि किती सुंदर ओढलेल्या असतात त्या! पण त्यांच्यावर दुसरा थर चढतो, आणि घर उभं असेतो त्या पुन्हा कुणाला दिसत नाहीत.

मला त्यांचं फार वाटतं.

आजोळच्या वाड्याला चुन्याचा गिलावा होता. उन्हाळ्यात त्या भिंतीला गाल लावला की आतून कसलीशी थंड, जुनी शांतता अंगात झिरपायची. चुन्याचा प्रवास मला पुढे कळला. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास तापते, तिच्यातला वायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात पडताच तो उसळतो, फसफसतो, वाफा टाकतो आणि मग निवतो. वाळूबरोबर बैलांच्या घाणीत मळला जातो, त्यात कुठे गुळाचं पाणी पडतं, कुठे हिरडा, कुठे बेलफळाचा गर. आणि भिंतीवर चढल्यानंतर, घरातली माणसं जन्मत-मरत असताना, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं ओढून घेत पुन्हा चुनखडी होत जातो.

दगड परत दगडात येतो.

अशा भिंतीवर सिमेंट थापलेलं पाहवत नाही. माती-चुन्याची भिंत पावसाचं पाणी पिते आणि उन्हात सोडून देते. सिमेंट तिची ही वाट बुजवतं. मग ओल आतच कोंडते, खार फुटतो, पोपडे सुटतात, आणि लोक म्हणतात, वाडा जुना झाला.

सिमेंटचा राग मात्र नाही. त्यालाही त्याची तहान आहे. नवा गिलावा आठवडाभर तरी ओला ठेवावा लागतो, आणि हे काम बहुतेक ज्या बाईकडे असतं तिचं कौतुक कुणी करत नाही. सकाळी ती पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याचा पंखा उघडते, आणि राखेच्या रंगाची भिंत वरपासून गर्द होत येते. दुपारी कडा आधी फिकट पडू लागतात. कुठला कोपरा तहानला आहे हे तिला लांबूनच कळतं. भिंतीची पुढची कितीतरी वर्षं तिच्या त्या अंगठ्यावर उभी असतात.

संध्याकाळी ऊन तिरपं होऊन भिंतीला घासून जातं, तेव्हा दिवसभर सपाट वाटलेल्या पृष्ठभागावर रंध्याची अर्धवर्तुळं उमटतात: हात पोहोचला तिथवर एक कमान, तिच्यावर दुसरी, परांची खाली आली तिथे नवी ओळ. गवंडीही याच उजेडाची वाट बघतो. भिंतीला जवळजवळ गाल टेकवून तो तिच्या अंगावरून नजर सोडतो, आणि कुठे उंचवटा दिसला की त्याचा चेहरा आधी बदलतो, हात मागून. इतक्या जवळून ही भिंत पुढे कोण बघणार आहे? रंग देणारा, कदाचित. राहणारे तर खिडकीतून बाहेरच बघतील.

उतरता उतरता तो बांबू काढत येतो आणि त्यांची भोकं बुजवत येतो. शेजारच्या इमारतीला अजून रंग लागलेला नाही. पहिल्या पावसात तिची भिंत भिजली आणि बुजवलेली भोकं गडद ठिपके होऊन रांगेनं वर आली. गल्लीतल्या मुलांना मी ती दाखवली. त्यांनी लगेच खालून मोजायला घेतली, आणि तिसऱ्या मजल्यापाशी आकड्यावरून त्यांची जुंपली.