दोन धन्यांचा चाकर

बिरबलाच्या गोष्टींवर वाढलेले आपण चातुर्याला नकळत सद्गुणांत जमा करतों. मीहि करीत असें. पण सेर्जिओ लेओने या इटालियन दिग्दर्शकाचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ हा १९६४ सालचा चित्रपट परवां पुन्हां पाहिला, आणि पूर्वी जेथें मी खदखदून हंसलों होतों तेथें या वेळीं हंसूं आलें नाहीं.

या चित्रपटाचा सारा संसारच उसना. गोष्ट अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीवरची, धूळ मात्र स्पेनमधली. नायक क्लिंट ईस्टवुड अमेरिकन टेलिव्हिजनवरून आणलेला. आणि चित्र अमेरिकनच वाटावें म्हणून लेओनेनें स्वतःचें नांव छापलें ‘बॉब रॉबर्टसन’! कथानक तर कुरोसावाच्या ‘योजिंबो’वरून (१९६१) न विचारतां उचललेलें. जपानकडून दावा झाला आणि जगभरच्या उत्पन्नाचा शेंकडा १५ हिस्सा देऊन तो मिटवावा लागला. तरी अस्सल असें कांहीं उरलेंच: मोरिकोनेच्या संगीतांतली ती शीळ, आणि चेहऱ्यांवर इतका वेळ थबकणारा कॅमेरा कीं पापणी लवणें हीहि एक घटना व्हावी.

सान मिगेल गांवांत रोहो आणि बॅक्स्टर अशीं दोन घराणीं एकमेकांच्या जिवावर उठलेलीं. खेंचरावर बसून एक परका येतो. बॅक्स्टरचे चार गुंड खेंचराच्या पायांशीं गोळ्या झाडून हंसतात. परका शवपेट्या करणाऱ्या म्हाताऱ्याला तीन पेट्या तयार ठेवावयास सांगतो, गुंडांना खेंचराची माफी मागावयास फर्मावतो, चौघांनाहि लोळवितो, आणि परततांना म्हाताऱ्यापाशीं आपली चूक कबूल करतो: पेट्या चार हव्यात! मग इकडची बातमी तिकडे, तिकडची इकडे, दोन्हीकडून पैसे. गोल्दोनीनें अठराव्या शतकांत दोन धन्यांच्या चाकरावर नाटक लिहिलें तें याच इटलींत. तो चाकर बिचारा पोटासाठीं धांवे. हा आग लावून शेकत बसतो.

पण गांवांत शिरतांनाच त्यानें आणखी कांहीं पाहिलेलें असतें. एक लहान मूल आईकडे जातें, आणि त्याला गोळ्या झाडून हांकलून देतात. त्या आईला, मारिसोलला, रोहोंपैकीं रामोननें नवऱ्यापासून हिरावून आणलेलें. परका विहिरीवर पाणी पितो आणि गप्प राहतो. पुढें एका रात्रीं मात्र तो पहारेकऱ्यांना मारून तिघांना एकत्र आणतो, कमावलेले पैसे त्यांच्या हातांत कोंबतो आणि पळावयास सांगतो. हें कां करतोस, असें ती विचारते. तुझ्यासारखी एक मला ठाऊक होती, तेव्हां मदतीला कोणी नव्हतें, एवढेंच तो सांगतो. साऱ्या चित्रपटांत हिशेबाबाहेरचें असें त्याचें हें एवढेंच कृत्य, आणि त्याबद्दलच त्याला हाडें मोडेपर्यंत मार बसतो. शेवटीं छातीवर लोखंडी पत्रा बांधून तो रामोनला हरवितो, ती पुन्हां हुशारी. टाळ्या तिला पडतात.

आमच्या घरीं दादाकाका आणि अण्णाकाका यांचें बोलणें बंद होतें. मधल्या चौकांतून दोन्हीकडे मोकळेपणानें जाई असा मी एकटाच, वय दहा-अकरा. दादाकाका काय म्हणाले तें अण्णांकडे सांगितलें कीं शिरा मिळे. अण्णा काय म्हणाले तें दादांकडे सांगितलें कीं आणा-दोन आणे. सांगण्यासारखें नसलें कीं मी रचीत असें. आपल्याइतका चतुर मुलगा पंचक्रोशींत नाहीं, अशी माझी खात्री होती.

एका पावसाळ्यांत अण्णाकाका तापानें पडले. दादाकाकांनीं मला खांबाआड बोलाविलें आणि हळूच विचारलें, “ताप उतरला कां रे त्याचा?” डोळे ओले होते. हा प्रश्न पलीकडे नेला तर उद्यां दोघे बोलूं लागतील, आणि मग मला कोण विचारणार, हें मला तात्काळ समजलें. अण्णांकडे जाऊन मीं सांगितलें कीं दादा चौकाच्या मोजणीविषयीं बोलत होते.

अण्णा बरे झाले. दिवाळीनंतर चौकाच्या मधोमध भिंत उभी राहिली. तिचा पाया खणतांना मी कांठावर उभा राहून पाहत होतों. मला दोन्ही घरांतून फराळ आला होता.