घाटपायथ्याचा मुक्काम

पायी यात्रेचे नियोजन म्हणजे एकूण अंतराला दिवसांच्या संख्येने भागणे, असा एक समज नवख्या मंडळांमध्ये आढळतो. परंतु ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून, विशेषतः शहापूर तालुक्यातून, सह्याद्रीकडे चढणाऱ्या वाटेवर हा भागाकार टिकत नाही, कारण तेथे मुक्काम कोठे करायचा हे अंतरापेक्षा घाट, पाणी आणि ऊन या तीन गोष्टी ठरवतात. मुंबई-ठाण्याहून शिर्डीला जाणाऱ्या साईपालख्या हे या नियोजनाचे आज सर्वांत परिचित उदाहरण आहे. साईबाबांच्या हयातीत, म्हणजे 1918 पूर्वी, मुंबईचे भक्त प्रामुख्याने रेल्वेने कोपरगावपर्यंत आणि पुढे टांग्याने शिर्डीला जात असत. मुंबईहून पालखी घेऊन चालत जाण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. प्रथा नवी असली तरी तिने निवडलेली वाट मात्र जुनी आहे. पडघा, वासिंद, शहापूर, खर्डी, कसारा, इगतपुरी हा क्रम मुंबई-आग्रा रस्त्याचा, आणि त्याआधी थळ घाटाने, म्हणजेच कसारा घाटाने, नाशिककडे जाणाऱ्या वाहतुकीचा आहे.

शहापूर हे तालुक्याचे ठिकाण माहुली किल्ल्याच्या डोंगराच्या पूर्वेस वसले आहे. याच किल्ल्यात 1636 मध्ये शहाजीराजांना वेढा पडून अखेर तह करावा लागला. महामार्गावरून चालणाऱ्यास माहुलीचे सुळके बराच वेळ दिसत राहतात आणि त्यामुळे आपण जागच्या जागीच आहोत असा भास होतो, हे दमलेल्या पदयात्रीला फारसे सुखाचे नसते. शहापूरला लागून असलेल्या आसनगावापासून कसाऱ्यापर्यंतचे अंतर रेल्वेच्या मोजणीने सुमारे 35 किलोमीटर भरते. जुन्या हिशेबातील ‘मजल’, म्हणजे दिवसभरात चालून पुरी करावयाची वाट, साधारण सात ते दहा कोसांची धरली आणि कोस तीन किलोमीटरांच्या आसपास मानला, तर हे अंतर मोठ्यात मोठ्या मजलेच्याही थोडे पुढे जाते. नेटाने ते एका दिवसात उरकलेच, तरी दुसऱ्या दिवशीच्या घाटाचा विचार करता ते अंगलट येण्यासारखे आहे. म्हणूनच मध्ये खर्डीला मुक्काम करून तिसऱ्या प्रहरापूर्वी कसारा गाठणे आणि रात्रीच्या पुऱ्या विश्रांतीनंतर पहाटे चढ सुरू करणे, ही विभागणी अधिक शहाणपणाची ठरते. तिच्यात खर्डी ते कसारा हा दिवस अवघ्या तेरा-चौदा किलोमीटरांचा होतो आणि उत्साही तरुणांना तो वाया गेल्यासारखा वाटतो. तो वाया जात नाही.

रेल्वेलाही या ठिकाणी असेच थांबावे लागले, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ठाण्याहून पुढे सरकलेला लोहमार्ग 1855 मध्ये वासिंदला, 1860 मध्ये आसनगावला आणि 1861 च्या आरंभी कसाऱ्याला पोहोचला, पण कसारा ते इगतपुरी हा पुढचा लहानसा टप्पा खुला होण्यास 1865 उजाडले. घाटातील चढ 37 फुटांना एक फूट इतका तीव्र असल्यामुळे वर जाणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यात ‘बँकर’, म्हणजे मागून रेटा देणारी जादा इंजिने, जोडावी लागतात. पायथ्याशी थांबायचे, बळ वाढवायचे आणि मग चढायचे, हा नियम यंत्रालाही चुकला नाही.

अर्थात घाटापूर्वीच विसावा घ्यावा असा काही सार्वत्रिक दंडक नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढी वारीत पुण्याहून निघून दिवे घाट चढते आणि त्याच दिवशी सासवडला पोहोचते; सुमारे तीस किलोमीटरांची ही वाटचाल घाटासह एका दिवसात होते. मात्र तिच्या आधी पुण्यात दोन रात्री आणि नंतर सासवडला दोन रात्री मुक्काम असतो, हे विसरून केवळ अंतराचे अनुकरण करणारी मंडळे फसतात.

मुरबाड तालुक्यातील नाणेघाट हा चढ आणि पाणी पाहून विसावा ठरवण्याच्या विचाराचा सर्वांत प्राचीन आणि दगडात उरलेला पुरावा होय. कल्याण बंदर आणि जुन्नर यांना जोडणारी ही वाट वैशाखरे गावाजवळून वर चढते. वाटेवर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि माथ्याजवळ तिन्ही बाजूंना बाक असलेले चौकोनी लेणे आहे. त्याच्या भिंतींवरील ब्राह्मी लिपीतील लेख सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो व सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. त्यात यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांसारख्या दक्षिणेची नोंद आहे. अभ्यासकांचे लक्ष साहजिकच या लेखाकडे आणि राजपुरुषांच्या भग्न प्रतिमांकडे गेले आहे. चढून आलेल्या वाटसरूच्या दृष्टीने पाहिले तर बाक आणि टाकी यांचे महत्त्व तसूभरही कमी नाही: दम लागतो तेथे पाणी आणि माथा येतो तेथे बैठक, अशी ही योजना आहे. या वाटेने जुन्नरला जाऊन लेण्याद्रीच्या गणपतीचे दर्शन घेऊ इच्छिणाऱ्या पदयात्रीनेही वैशाखऱ्याच्या परिसरात रात्र काढून सकाळी चढणेच इष्ट.

पाण्याच्या बाबतीत मात्र शहापूरची परिस्थिती चमत्कारिक आहे. 1892 मध्ये पुरा झालेला तानसा तलाव आणि मुंबईच्या पुरवठ्यात सर्वांत मोठा वाटा असलेले भातसा धरण याच तालुक्यात आहेत; तरीही चैत्र-वैशाखात येथील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. रामनवमीसाठी निघालेल्या पालख्या नेमक्या याच दिवसांत येथून जातात. घरच्या नळाचे पाणी जेथून येते त्या तालुक्यात मुंबईकर पदयात्री पोहोचतो तेव्हा त्याच्यामागून पाण्याचा टँकर चालत असतो. गावाच्या विहिरीवर किंवा हातपंपावर शेकडो माणसांचा भार टाकणे अन्यायाचे असल्याने, मुक्काम ठरवतानाच पिण्याच्या, आंघोळीच्या आणि शौचालयाच्या पाण्याची स्वतंत्र तजवीज करणे हे मंडळाचे पहिले कर्तव्य ठरते. मुक्कामाची जागा सहसा देवळाचे आवार, मंगल कार्यालय किंवा शाळेचा व्हरांडा असते. शाळा चालू असतील तर व्हरांडा संध्याकाळनंतरच मोकळा होतो. त्यामुळे पहाटे चारच्या सुमारास निघून ऊन चढण्यापूर्वी दोन-तृतीयांश वाट संपवणाऱ्यांना दुपारच्या विसाव्यासाठी वेगळी सावली शोधावी लागते, आणि भांडी-शिधा घेऊन पुढे जाणाऱ्या टेम्पोला आदल्या दिवशीच ती सांगून ठेवावी लागते. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या दिंड्यांची गरज याच्या उलट असते. त्यांना सावलीपेक्षा रात्रीच्या थंडीपासून आडोसा हवा असतो.

इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये खुला झाल्यापासून मोटारी शहापूर तालुक्यातून बोगद्यांच्या मार्गाने इगतपुरीला झपाट्याने पोहोचतात. त्या रस्त्यावर पादचाऱ्यांना मज्जाव असल्याने पालखीची वाट जुन्याच महामार्गाने आणि कसारा घाटानेच राहिली आहे, जेथे अवजड वाहनांची वर्दळ असते. अंधारात चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एकेरी रांगेत आणि प्रकाश परावर्तित करणारे पट्टे लावून चालणे तेथे अनिवार्य समजावे. घाट संपताच घाटनदेवीचे देऊळ लागते, पुढे इगतपुरी, आणि घोटीहून सिन्नरकडे वाट वळली की तीव्र चढ राहत नाहीत; मजलेत चार-पाच किलोमीटरांची वाढ करायची असल्यास ती तेथून पुढे करता येते.